पोटगी : केव्हा मागावी, कशी मागावी

पोटगी हा शब्द निघाला, की आपल्या खेड्यांतून माणसे आवाज खाली करतात. "अमक्याच्या लेकीने पोटगी लावली" हे वाक्य "अमक्याच्या घराला आग लागली" अशा सुरात सांगितले जाते. वास्तविक शब्द किती साधा आहे! पोटासाठी द्यायची ती पोटगी. ज्याच्यावर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याने ते भरले पाहिजे. स्वखुशीने भरत नसेल, तर कायदा त्याला भरायला लावील. एवढाच त्याचा अर्थ.

मी वकील नव्हे. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली मुले-मुली माझ्या वर्गात असतात. कायद्याची कलमे मी पुस्तकातून शिकलो. पण त्यांतल्या एका कलमाचे मोल मला एका विद्यार्थिनीच्या आईने शिकवले. आज मी आपल्याला तीच हकीगत सांगणार आहे, आणि तिच्या आधाराने पोटगीचा कायदा उलगडून सांगणार आहे. नावगाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण अशी एक तरी बाई आपल्या प्रत्येकाच्या गावात आहे.

मुलगी अकरावीला होती. फी भरायला दोन महिन्यांची मुदत मागायला आली. मी म्हटले, "वडिलांना घेऊन ये." मुलगी गप्प. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. बाईंचे माहेर शिरूर तालुक्यातले, सासर दौंड तालुक्यातले. मध्ये भीमा नदी. पोर दोन वर्षांची असताना नवऱ्याने दोघींना माहेरी आणून सोडले आणि म्हणाला, "दिवाळी झाली की न्यायला येतो." ती दिवाळी गेली. पुढची गेली. अशा चौदा दिवाळ्या गेल्या. बाई भावाच्या घरी राहिल्या. खुरपायला गेल्या, कांदे काढायला गेल्या, पण लेकीची शाळा सोडवली नाही.

मी विचारले, "ताई, पोटगीचा अर्ज का नाही केलात?"

त्या म्हणाल्या, "सर, अर्ज केला असता तर संसार मोडला असं झालं असतं ना? मी वाट बघत होते."

श्रोतेहो, माझ्या आजच्या भाषणाचे सगळे सार या एका वाक्यात आहे, कारण या वाक्यात एक मोठी चूक आहे. पोटगीचा अर्ज संसार मोडत नाही. पोटगी वेगळी आणि घटस्फोट वेगळा. अर्ज केल्यावरही बाई त्याच नवऱ्याची बायको राहते. कुंकू, मंगळसूत्र, नाव, सासरच्या घरातले स्थान, यांतले काही एक त्या अर्जाने जात नाही. उद्या नवऱ्याला सुबुद्धी झाली आणि तो सन्मानाने न्यायला आला, तर दोघे पुन्हा नांदू शकतात. अर्ज फक्त एवढेच म्हणतो, की तोपर्यंत आम्ही जेवायचे काय?

आता चौदा वर्षांचा हिशेब करू. महिन्याला फार नव्हे, दोन हजार रुपये धरू. चौदा वर्षांचे महिने झाले एकशे अडुसष्ट. रक्कम झाली तीन लाख छत्तीस हजार. हे पैसे आता मागायची सोय जवळजवळ नाही, कारण या कायद्यात पोटगी मोजायला सुरुवात होते ती अर्जाच्या तारखेपासून. नवऱ्याने टाकले त्या दिवसापासून नव्हे. म्हणून म्हणतो, वाट पाहायला हरकत नाही, पण अर्ज करून वाट पाहावी.

हा कायदा काही आजचा नाही. इंग्रजी अमदानीतल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ हे कलम होते. त्यात बायको आणि मुले यांना पोटगी मिळे, पण मर्यादा होती दरमहा पन्नास रुपयांची. १९२३ साली ती शंभर झाली, १९५५ साली पाचशे झाली. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली आणि त्यातले कलम १२५ सर्वांच्या तोंडी बसले. त्यात घटस्फोटित पत्नी आणि म्हातारे आईबाप यांचाही समावेश झाला. मात्र पाचशेची मर्यादा तशीच राहिली. ती २००१ साली काढून टाकली गेली. आता रक्कम किती ते न्यायालय दोन्ही बाजूंची परिस्थिती पाहून ठरवते. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात हेच कलम १४४ क्रमांकाने आले आहे. आकडा बदलला, हक्क बदलला नाही. कुणी म्हणाले, "ते १२५ आता रद्द झालं," तर घाबरून जाऊ नये.

कोणी विचारील, फौजदारी कायद्यात हे कलम का? नवरा काय चोर आहे? तर तसे नाही. या अर्जाने नवरा गुन्हेगार ठरत नाही. दिवाणी दाव्याला वेळ फार लागतो आणि पोट थांबत नाही. म्हणून हे काम मॅजिस्ट्रेटकडे दिले, एवढेच.

याखेरीज दुसरेही कायदे आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, घटस्फोटाचा किंवा नांदण्याचा दावा चालू असताना खर्चासाठी कलम २४ आहे आणि कायमच्या पोटगीसाठी कलम २५ आहे. कलम २५ खाली न्यायालय ती रक्कम नवऱ्याच्या जमिनीवर बोजा म्हणूनही ठेवू शकते; जसा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो तसा. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने हिंदू पत्नीला, मुलांना, अविवाहित मुलीला आणि वृद्ध आईबापांना निर्वाहाचा हक्क दिला आहे. मारहाण, छळ, घराबाहेर काढणे असे प्रकार असतील, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्यात पैशाबरोबर राहत्या घरात राहण्याचाही हुकूम मिळतो. पण ज्या बाईला आज घरात पीठ नाही, तिने सर्वांत आधी कोणते दार ठोठवावे असे मला विचाराल, तर मी कलम १४४ चे नाव घेईन.

हे कलम हिंदूंसाठी, मुसलमानांसाठी, ख्रिस्ती माणसांसाठी वेगवेगळे नाही. इंदूरच्या शाहबानो यांचा खटला आपण ऐकला असेल. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना घराबाहेर काढले गेले. खालच्या कोर्टाने महिन्याला पंचवीस रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे केले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम केला. त्या वेळी सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्यात जन्मलेले. पुढच्याच वर्षी संसदेने मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला आणि बराच काळ घोळ राहिला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या सर्वसाधारण कलमाखाली पोटगी मागता येते.

आता अर्ज कोठे करायचा? आमच्या बाई म्हणाल्या होत्या, "सर, दौंडला कोण जाणार? भाऊ कामावर, मी एकटी, आणि ते गाव त्यांचं." न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी धरायची, नदी ओलांडायची आणि सासरच्या मुलुखात जाऊन उभे राहायचे, या कल्पनेनेच त्यांचे पाय गळत होते. वास्तविक त्याची गरजच नव्हती. नवरा जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो, तसाच पत्नी जिथे राहते तिथेही करता येतो. दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले तिथेही करता येतो. म्हणजे माहेरी शिरूर तालुक्यात राहणाऱ्या बाईने शिरूरच्या कोर्टात अर्ज करावा. नदी ओलांडून यायचे असेल तर नवऱ्याने यावे. त्याचप्रमाणे माहेर दौंडचे आणि सासर शिरूरचे असेल, तर दौंडच्या कोर्टात. पुणे शहरात यासाठी कौटुंबिक न्यायालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते.

वकिलाची फी कुठून आणायची? हा दुसरा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला फुकट वकील मिळतो. यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते. "पैसे नाहीत म्हणून अर्ज केला नाही" असे म्हणण्याची वेळ आता कोणत्याही बहिणीवर येऊ नये.

अर्जात काय सिद्ध करायचे? तीन गोष्टी. एक, नाते : लग्न झाले, मूल झाले. लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेतल्या नोंदीतले वडिलांचे नाव, हे सारे उपयोगी पडते. दोन, नवऱ्याने सांभाळायचे टाळले आहे. तीन, बाईला स्वतःचे नीट भागवता येत नाही आणि नवऱ्याची ऐपत आहे. इथे एक गैरसमज दूर करतो. बाई मजुरीला जाते म्हणून तिचा हक्क जात नाही. ती उपाशी मरायला टेकली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. नवऱ्याच्या घरी ती ज्या बेताने राहिली असती त्या बेताने तिला राहता यावे, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे.

नवऱ्याची ऐपत दाखवणे हीच मोठी अडचण असते. कोर्टात उभा राहून तो म्हणतो, "साहेब, माझ्या नावावर काही नाही. सातबारा वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर, दुधाचं बिल आईच्या नावावर." आपल्या भागात हे अगदी नेहमीचे. यावर उत्तर निघाले आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली सुरू झालेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रजनेश विरुद्ध नेहा असे त्याचे नाव. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा निकाल झाला. त्यात न्यायालयाने सांगितले, की दोन्ही पक्षांनी आपल्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे. शेतकऱ्यासाठी शपथपत्राचा वेगळा नमुनाच दिला आहे. त्यात जमीन किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, जनावरे किती, कर्ज किती, हे सारे लिहावे लागते. शपथेवर खोटे लिहिले तर त्याचे परिणाम भोगावे लागतात. शिवाय धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकामुलांना पोसलेच पाहिजे, "कमाई नाही" एवढे म्हणून सुटका नाही, हेही न्यायालयांनी बजावले आहे.

तरीही बाईच्या बाजूने तयारी हवी. सातबारा आणि आठ-अ चे उतारे तलाठी कार्यालयातून किंवा संगणकावरून काढता येतात. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, दूध कोणत्या डेअरीला जाते, नवरा रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एखाद्या कारखान्यात आहे की दौंडला रेल्वेत आहे, हे लिहून ठेवावे. नोकरी असेल तर काम सोपे होते. मालकाकडून पगाराचा दाखला न्यायालय मागवू शकते.

त्याच २०२० च्या निकालात दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे. पूर्वी काही न्यायालये हुकुमाच्या तारखेपासून पोटगी देत, काही अर्जाच्या तारखेपासून. प्रकरण तीन वर्षे चालले तर तीन वर्षे बुडाली. आता ती सर्व प्रकरणांत अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी, असे ठरले आहे. आणि मुख्य अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते. तो अंतरिम अर्ज, नवऱ्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात कधी उशीर होतो. तारखा पडतात. मी खोटी आशा दाखवत नाही. पण अर्ज केलेल्या बाईचा उशीर हिशेबात धरला जातो. न केलेल्या बाईचा धरला जात नाही.

आता आपल्या गावातल्या एका जुन्या रीतीविषयी बोलतो. नवराबायकोचे बिनसले, की भावकी आणि पाहुणे बसतात. चार माणसे बसून मिटवतात. चांगली गोष्ट आहे. मिटत असेल तर कोर्टात जायची हौस कुणाला? पण पुष्कळदा बैठकीच्या शेवटी एक स्टॅम्पपेपर निघतो. त्यावर लिहिलेले असते, "आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे मी पोटगी मागणार नाही." बाईचा अंगठा होतो. पंचांच्या सह्या होतात. पाच-पंचवीस हजार हातावर ठेवले जातात, तेही कधी भावाच्या हातावर. अशा कागदाने पोटगीचा हक्क संपतो असे बाईला वाटते, पंचांनाही वाटते. तो संपत नाही. कायद्याने दिलेला पोटाचा हक्क खाजगी कागदावर कायमचा सोडून देता येत नाही. तसेच, अशा कागदाने हिंदू लग्नही आपोआप मोडत नाही. त्याला न्यायालयाचा हुकूम लागतो. एखाद्या जातीत सोडचिठ्ठीची रूढी असेल तर ती रूढी सिद्ध करावी लागते. तेव्हा पंच मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे : मिटवा, जरूर मिटवा, पण पोटगी सोडल्याचे लिहून घेऊ नका. उलट महिन्याला किती, कोणत्या तारखेला, कोणत्या बँक खात्यात, हे लिहून घ्या.

या कागदाच्या भरवशावर काही नवरे दुसरे लग्न करतात. हिंदू माणसाला पहिली बायको असताना दुसरे लग्न करता येत नाही. आपल्या मुंबई प्रांतात तर ही बंदी १९४६ सालीच आली होती. नवऱ्याने दुसरी केली किंवा ठेवली, तर पहिलीने वेगळे राहण्याला ते पुरेसे कारण आहे. "मी नांदवायला तयार आहे" एवढे म्हणून तो पोटगी टाळू शकत नाही. पण दुसरीचे काय? १९८८ साली महाराष्ट्रातल्याच आढाव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पहिली जिवंत असता केलेले लग्न कायद्याने लग्नच नव्हे, म्हणून दुसरीला या कलमाखाली पोटगी नाही. पुष्कळ निरपराध बायकांना तो निकाल जड गेला. २०१३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की पहिले लग्न लपवून ज्याने बाईला फसवले, त्याला आपल्याच फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही. अशा बाईला पोटगी मिळेल. आणि मुलाचे म्हणाल तर त्याच्या हक्काला कधीच बाध नाही. लग्न कायदेशीर असो वा नसो, बापाने मुलाला पोसलेच पाहिजे. तरीही मुलीच्या बापांनो, स्थळ पाहताना शेती किती हे विचारता, तसे पहिले लग्न झालेले आहे का, हेही चार ठिकाणी विचारा.

हुकूम झाला आणि नवरा पैसे देत नाही, तर? पुन्हा अर्ज करायचा. न्यायालय वॉरंट काढते, दंड वसूल करावा तशी वसुली होते, आणि तरीही न दिल्यास प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हेही लक्षात ठेवा. पण इथे एक खाच आहे आणि ती कृपा करून लिहून घ्या. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज, ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत केला पाहिजे. "देतील पुढच्या सुगीला" म्हणून दोन-तीन वर्षे सोडून दिली, तर जुनी बाकी या मार्गाने वसूल होत नाही. कर्जाच्या हप्त्यासारखी ही तारीख लक्षात ठेवायची असते.

नवऱ्याची बाजू मी विसरलेलो नाही. पोटगी ही शिक्षा नव्हे आणि सूडही नव्हे. बाईला चांगली नोकरी असेल, ती सबळ कारणाशिवाय नांदायला नकार देत असेल, किंवा दोघे आपसांत ठरवून वेगळे राहत असतील, तर न्यायालय ते पाहते. पावसाने दगा दिला, नोकरी गेली, आजारपण आले, तर रक्कम कमी करून मागता येते. तसेच महागाई वाढली, मुलाचे शिक्षण वाढले, तर बाईला ती वाढवून मागता येते. कायदा दोघांचेही ऐकतो. मात्र ऐकण्यासाठी दोघांनी समोर यावे लागते. घरी बसून नोटीस परत पाठवणारा माणूस स्वतःचेच नुकसान करतो.

याच कलमात म्हाताऱ्या आईबापांचाही हक्क आहे. मुले हडपसरला, पिंपरीला स्थायिक झाली आणि वस्तीवर दोन म्हातारी माणसे राहिली, असे दृश्य आता वाडीवाडीला दिसते. मुलगाच सांभाळील असे आपण धरून चालतो. पण कायदा मुलीलाही मोकळे सोडत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीवर तिच्या वडिलांनी पोटगीचा अर्ज केला होता. ती म्हणाली, मी लग्न झालेली, माझ्यावर जबाबदारी कशी? १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कमावत्या विवाहित मुलीवरही ती जबाबदारी आहे. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिकांना प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची आणखी सोपी वाट करून दिली आहे. तिथे दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. आणि म्हाताऱ्यांनो, जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचीच असेल, तर "मला शेवटपर्यंत सांभाळावे" ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

आता शेवटचे दोन शब्द माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी. दौंड तालुक्यातले केडगाव आपल्याला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी तेथे निराधार स्त्रियांसाठी मुक्तिसदन उभे केले. ज्यांना कुणी नव्हते अशा कितीतरी बायका-मुलींना तिथे आसरा मिळाला. तिथपासून १९८८ साली संगमनेरला टाकलेल्या स्त्रियांची परिषद भरली तोपर्यंत मोठे अंतर आपण चाललो आहोत. रमाबाईंच्या काळी निराधार बाई आसरा शोधत आली. संगमनेरच्या बायका हक्क मागत आल्या. त्या चळवळीतल्या वकील निशा शिवूरकर यांचे 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक शाळेच्या कपाटात असावे असे मला वाटते.

आणि शिक्षकाने करावे काय? फार काही नाही. वर्गात एखादे मूल आजोळी राहून शाळेत येत असेल, तर गुरुजींना ते सर्वांत आधी कळते. हजेरीपटावर बापाचे नाव असते आणि बाप कधी दिसत नाही. अशा आईला बोलावून, चारचौघांत नव्हे, एकीकडे, एवढेच सांगा : "बाई, पोटगीचा अर्ज म्हणजे काडीमोड नाही. तालुक्याच्या कोर्टात फुकट वकील मिळतो." मुलाचा बोनाफाईड दाखला, फीच्या पावत्या, वह्या-पुस्तकांचा खर्च लिहून द्या. कोर्टाच्या तारखेला मूल गैरहजर राहिले तर त्याला रागावू नका. इतके केले तरी पुष्कळ.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे ऐकायला आपण थांबला असाल. त्यांनी शिरूरच्या कोर्टात स्वतःसाठी आणि लेकीसाठी अर्ज केला. विधी सेवेतून वकील मिळाला. नवरा पहिल्या दोन तारखांना आलाच नाही, तिसऱ्याला आला. अंतरिम पोटगी मंजूर झाली. रक्कम मोठी नाही. तिच्यात संसार उभा राहत नाही. पण मुलीची बारावीची फी वेळेवर भरली गेली, आणि भावाच्या घरात बाई किराणा स्वतःच्या पैशाने आणू लागल्या. मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा तिच्यासाठी १९५६ च्या कायद्याचा वेगळा विचार करावा लागेल, हेही त्यांच्या वकिलांनी सांगून ठेवले आहे.

एकदा त्या मला म्हणाल्या, "सर, तालुक्याच्या बाजाराला मी दर आठवड्याला जायचे. पण कोर्टात बायकांनी जायचं नसतं, असंच वाटायचं."

मी विचारले, "आणि ते न्यायला आले तर?"

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आले तर बघू. आता मला घाई नाही."

श्रोतेहो, आपल्या गावात कुणी दिवाळीची वाट पाहत बसली असेल, तर तिला हे भाषण सांगा. वाट पाहू नको असे तिला सांगू नका. तिचा संसार आहे, तिने काय करायचे ते ती ठरवील. फक्त एवढे सांगा, की अर्ज करून वाट पाहा.